रिसीव्हर नवा की जुना: एका पेटीतल्या दोन यंत्रांचा हिशेब

मोठा टीव्ही घरात आला की काही महिन्यांत एक तक्रार ऐकू येतेच: चित्र झकास आहे, पण बोललेले नीट कळत नाही. पडदा जसजसा पातळ होत गेला तसतशी आतली स्पीकरची जागा गेली, आणि जो बारीकसा स्पीकर बसतो त्याचे तोंडही खाली किंवा मागे. कोणी साउंडबार आणतो आणि समाधान मानतो. पण ज्याला सिनेमाचा नाद आहे, ज्याने सुरतेला किंवा नाशिकला चांगल्या थिएटरात पाठीमागून येणारा पाऊस ऐकला आहे, तो चौकशी करत करत एव्ही रिसीव्हरपर्यंत पोचतो आणि किमतीपाशी अडतो. स्पीकर सोडून नुसता साधा 5.1 रिसीव्हर नवा घ्यायचा तर साधारण तीस-पस्तीस हजारांपासून सुरुवात. डॉल्बी अ‍ॅटमॉसवाला हवा असेल तर साठ हजारांच्या पुढे. त्याच वेळी सुरतेत कोणीतरी फ्लॅट बदलत असतो आणि सहा-सात वर्षे वापरलेला, एके काळचा महागडा रिसीव्हर वीस-पंचवीस हजारांत द्यायला तयार असतो.

मोह होणारच. या प्रश्नाला मुंबई-पुण्याचे लोक जे उत्तर देतात, ते नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे माझे ठाम मत आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत फिरून चार यंत्रे पाहता येतात, बिघडले तर रिक्षात टाकून सर्व्हिस सेंटरला नेता येते. इथे आठ-दहा किलोची पेटी सुरत-भुसावळ लाइनवरच्या गाडीत घेऊन जावी लागते. उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांवर जातो. आणि अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला वीज कधी येईल, कधी जाईल आणि आली तर किती व्होल्टने येईल, हे घरातल्या लहान पोरालाही अंगवळणी पडलेले असते. या तिन्ही गोष्टी नव्या-जुन्याच्या हिशेबात धरल्या पाहिजेत.

त्यासाठी आधी पेटी उघडून पाहू. रिसीव्हरचे वरचे झाकण काढले की एका बाजूला जाडजूड ट्रान्सफॉर्मर दिसतो. यंत्राच्या वजनाचा मोठा हिस्सा त्याचाच. शेजारी काळ्या डब्यांसारखे दोन मोठे कपॅसिटर उभे असतात. मध्यभागी अ‍ॅल्युमिनियमचा पंखेदार हीटसिंक आणि त्याला स्क्रूने आवळलेले ट्रान्झिस्टर, दर चॅनलला एक जोडी. हा झाला अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आवाजाला ताकद देणारे यंत्र. मागच्या पॅनेलला लागून, बहुधा वरच्या बाजूला, एक हिरवा किंवा निळा बोर्ड आडवा बसवलेला असतो. त्यावर एचडीएमआयची भोके, आणि नखाएवढ्या चौकोनी चिप्स. हे दुसरे यंत्र. टीव्हीचे चित्र पुढे पाठवणे, डॉल्बी-डीटीएसचा सांकेतिक आवाज उलगडून पाच-सात स्पीकरांत वाटणे, हे त्याचे काम.

एकाच पेटीत राहणाऱ्या या दोन यंत्रांचे आयुष्य अगदी वेगळे आहे, आणि नव्या-जुन्याचा सगळा निकाल इथेच लागतो.

अ‍ॅम्प्लिफायरचे तंत्र गेल्या तीस-चाळीस वर्षांत फारसे बदललेले नाही. बहुतेक रिसीव्हरांत आजही क्लास एबी पद्धतच असते. पंधरा वर्षांपूर्वीचा चांगला अ‍ॅम्प्लिफायर आजही तितकाच चांगला वाजतो. उलट जुन्या महागड्या मॉडेलांत ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक आजच्या स्वस्त मॉडेलांपेक्षा दणकट सापडतात. आणि बिघडला तरी तो आपल्या जिल्ह्यात दुरुस्त होऊ शकतो. खान्देशात बँड आणि डीजे यांचा धंदा मोठा आहे, आणि लग्नसराईत रात्री जळालेला अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या दिवशीच्या वरातीला उभा करणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावी भेटतात. ‘5200-1943’ ही ट्रान्झिस्टरची जोडी त्यांच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते. रिसीव्हरमधले ट्रान्झिस्टर बहुधा वेगळ्या नंबरचे असतात, पण तत्त्व तेच आहे. चॅनल का गेला, रिले का चिकटला, व्होल्टेज कुठे अडले, हे त्या माणसाला मल्टिमीटर लावून काढता येते.

एचडीएमआय बोर्डाचे तसे नाही. त्यावरच्या चिप्सच्या पायांची सोल्डरिंग चिपच्या पोटाखाली असते; साध्या डागणीने ती निघत नाही, बसत नाही. बोर्ड गेला तर कंपनीकडून अख्खा बोर्ड मागवावा लागतो, आणि मॉडेल जुने असेल तर तो मिळतच नाही. दुसरे म्हणजे हे यंत्र न बिघडताही म्हातारे होते. एचडीएमआय 1.4 हे मानक 2009 साली आले आणि टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून उलटा रिसीव्हरकडे आणणारी एआरसी ही सोय त्याने आणली. 2013 मध्ये 2.0 आले. त्याच सुमारास चित्राची नक्कल रोखणारी एचडीसीपी 2.2 ही व्यवस्था आली आणि 4के चित्रासाठी ती सक्तीची झाली. 2017 च्या अखेरीस 2.1 जाहीर झाले, आणि ते असलेले रिसीव्हर 2020 पासून बाजारात दिसू लागले. म्हणजे 2012 चा उत्तम रिसीव्हर आजच्या 4के बॉक्सला जोडला तर 4के चित्र येणार नाही, पडद्यावर काळोखही दिसू शकतो. यंत्रात बिघाड काहीच नसेल, फक्त दोघांची सांकेतिक भाषा जुळत नसेल.

इथे एक साधी वाट आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे कित्येक लोक चांगली जुनी यंत्रे नाकारतात. चित्र रिसीव्हरमधून नेलेच पाहिजे असे मुळीच नाही. सेट-टॉप बॉक्स, फायर स्टिक, प्लेअर, जे काही असेल ते सरळ टीव्हीला जोडा. टीव्ही नवा आहे, त्याला सगळी मानके कळतात. टीव्हीकडून रिसीव्हरला फक्त आवाज द्या, एआरसीने किंवा ऑप्टिकल वायरीने. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल 5.1 पूर्ण येते. एआरसीमधून, टीव्ही आणि रिसीव्हर दोघांना जमत असेल तर, डॉल्बी डिजिटल प्लसही येते, आणि ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस याच रूपात असतो. ब्लू-रे डिस्कवरचा काटछाट न केलेला आवाज मात्र या वाटांनी येत नाही. त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारित आवृत्ती, किंवा थेट एचडीएमआय लागते. पण ब्लू-रे लावणारी घरे आता किती? ज्याचा सगळा सिनेमा मोबाइल कंपनीच्या फायबरवरून येतो, त्याला 2010-12 चा रिसीव्हरही 5.1 साठी पुरेसा आहे. अ‍ॅटमॉस हवा असेल तर 2014 नंतरचा बघावा, कारण थिएटरात 2012 मध्ये आलेले हे तंत्र घरगुती रिसीव्हरांत 2014 मध्ये उतरले.

एवढ्यावरून जुना घ्यावा असेच वाटू लागेल. पण उन्हाळ्याचा मुद्दा राहिला आहे, आणि आपल्याकडे तो सर्वांत वजनदार आहे.

रिसीव्हरमधला जो भाग खरोखर झिजतो तो म्हणजे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. त्याच्या आत ओलसर रसायन असते आणि उष्णतेने ते वर्षानुवर्षे सुकत जाते. अभियंत्यांचा ढोबळ नियम असा, की तापमान दर 10 अंशांनी वाढले की कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते. त्यात क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर विजेचा मोठा भाग उष्णतेतच घालवतो. काही न वाजवता नुसता सुरू ठेवला तरी तो चाळीस-पन्नास वॅट खातो. मे महिन्यात आपल्या खोलीत 38 अंश, काच लावलेल्या शोकेसच्या कप्प्यात 48, आणि पेटीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. म्हणून जुन्या यंत्राचे वय नुसते वर्षांत मोजून चालत नाही. सुरतेच्या एसी हॉलमध्ये उघड्या टेबलावर आठ वर्षे राहिलेला रिसीव्हर आणि पत्र्याच्या खोलीत बंद कप्प्यात आठ वर्षे काढलेला रिसीव्हर, यांत दुसरा दुप्पट म्हातारा आहे. विकणाऱ्याला पहिला प्रश्न ‘किती वर्षांचा’ हा विचारतात. त्याच्या जोडीने ‘कुठे ठेवला होता’ हेही विचारायला हवे, आणि शक्य असेल तर ती जागा स्वतः पाहावी.

धुळीचेही तसेच. मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल गालिचा पसरलेला असतो तेव्हा हवेत काय उडते हे शहरातल्या प्रत्येक नाकाला ठाऊक आहे. रस्त्यालगतच्या घरांत तर बाराही महिने बारीक माती येते. हीटसिंकच्या पंखांत तिचा थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. जाळीतून आत मोबाइलची बॅटरी मारून पाहिले की हे लगेच दिसते. त्याच प्रकाशात कपॅसिटरची डोकी सपाट आहेत की फुगली आहेत हेही पाहून घ्यावे. फुगलेले डोके दिसले तर पुढे बोलणीच करू नयेत. मुंग्यांची माती आणि पालीची अंडीही आत सापडतात, आणि शॉर्ट व्हायला तेवढे पुरते.

विजेचा मुद्दा थोडक्यात. घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा आणि त्यात 6 टक्के कमी-जास्त चालावे, असा नियम आहे. गावच्या डीपीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरात तो पाळला जातोच असे नाही. नवा असो की जुना, रिसीव्हरला चांगला स्टॅबिलायझर लावा आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढून ठेवा. डिशची वायर आणि इंटरनेटची वायरसुद्धा. एचडीएमआय बोर्ड जळण्याचे एक मोठे कारण या वायरींतून येणारा झटका हे आहे.

परदेशातून येणाऱ्या यंत्राबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण आता शहाद्या-तळोद्याच्या कितीतरी घरांतली मुले अमेरिकेत आहेत आणि परत येताना आपला रिसीव्हर काकांसाठी आणतात. अमेरिकेची वीज 120 व्होल्टची आहे, जपानची 100 ची. तिथला रिसीव्हर इथल्या सॉकेटला थेट लावला तर नशीब चांगले असल्यास फ्यूज जातो, नसल्यास ट्रान्सफॉर्मर. मागच्या पॅनेलवर प्लगच्या जवळ व्होल्टेज छापलेले असते. ते वाचल्याशिवाय प्लग लावू नका. 120 व्होल्टचा असेल तर 230 चे 110 करणारा, निदान हजार व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो स्वतः जड असतो, तापतो आणि हलक्या प्रतीचा घेतला तर घुंघुं करतो. आखाती देशांतून आलेल्या यंत्राला बहुधा ही अडचण नाही, तिथली वीज मुख्यतः 220-240 व्होल्टची आहे. वॉरंटी मात्र दोन्हींना इथे मिळत नाही.

आता तपासणी. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, यंत्र त्याच्याच स्पीकरांवर चालू करून पाहा आणि निदान पाऊण तास वाजत ठेवा. थंड यंत्र सगळी दुखणी लपवते. चॅनल बंद पडणे, खरखर, मधेच प्रोटेक्शनमध्ये जाणे हे गरम झाल्यावर दिसते. चालू करताच दोन-चार सेकंदांत आतून रिलेचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मग मेनूतला टेस्ट टोन लावून प्रत्येक चॅनल वेगळा ऐका. एचडीएमआयच्या प्रत्येक भोकात वायर घालून पाहा, एकच चालते म्हणून बाकीची चालतात असे नाही. एआरसी मुद्दाम तपासा. झाकणाच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर यंत्र आधी उघडले गेले आहे. तो दोष नव्हे, पण का उघडले ते विचारा.

ऐकण्यासाठी मी लोकांना ‘सैराट’ सुचवतो. अजय-अतुल यांनी त्यातल्या संगीतासाठी लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केले होते, त्यामुळे व्हायोलिनांचा ताफा आणि ढोल-ताशा दोन्ही एकाच सिनेमात मिळतात, आणि आपल्या कानाला ते पाठ आहेत. शेवटच्या दृश्यात तर आवाजच नाही. त्या वेळी व्हॉल्यूम नेहमीच्याच पातळीवर ठेवून स्पीकरला कान लावा. हम्म असा सततचा सूर आला तर कपॅसिटर थकले आहेत किंवा अर्थिंगची गडबड आहे. दुसऱ्या सॉकेटवर लावूनही सूर गेला नाही तर किंमत पाडून घ्या, नाहीतर सोडून द्या.

आणि माइक मागा. रिसीव्हरसोबत खोली मोजणारा एक छोटा माइक येतो. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपाओ, पायोनियरमध्ये एमकॅक अशी त्या प्रणालींची नावे. माइक सोफ्यावर ठेवला की यंत्र प्रत्येक स्पीकरचे अंतर आणि पातळी स्वतः जुळवते. आपल्या घरांत फरशी, चारही बाजूंना प्लास्टर, वर स्लॅब. आवाज घुमतो, आणि अशा खोलीत या मोजणीने पडणारा फरक शंभर वॅट वाढवूनही पडत नाही. जुन्या यंत्राबरोबर नेमका हाच माइक हरवलेला असतो. एका कंपनीचा दुसऱ्याला चालत नाही.

वॅटचा विषय निघालाच आहे तर तोही मिटवू. पॅकेटवरचे आकडे बहुधा एकच चॅनल वाजवून आणि आवाज फाटेपर्यंत ताणून काढलेले असतात. दोन चॅनल, 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ असे जिथे लिहिलेले असेल तोच आकडा धरा. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. साधारण 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर तीन मीटरवरून ऐकताना 15-20 वॅटमध्ये नव्वदीच्या आसपास जातो, आणि तेवढ्यात शेजारचे दार वाजेल. दहा बाय बाराच्या खोलीला पन्नास-साठ प्रामाणिक वॅट भरपूर झाले.

नवे घेण्याची बाजू मुख्यतः बिलाची आहे, आणि आपल्या जिल्ह्यात ती हलकी समजू नये. बिल आणि वॉरंटी काय कामाची ते यावरून दिसते: 2020 मध्ये आलेल्या डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही मॉडेलांतल्या एचडीएमआय 2.1 चिपमध्येच दोष निघाला. एक्सबॉक्स सिरीज एक्सचे 4के 120 हर्ट्झचे चित्र त्यातून जाईना. डेनॉन-मरांट्झने ग्राहकांना जोडपेटी दिली, यामाहाने बोर्ड बदलून दिले. म्हणून त्या काळातले मॉडेल सेकंडहँड घेत असाल तर हे काम झाले आहे का ते विचाराच, विशेषतः घरात गेम खेळणारा मुलगा असेल तर. ओन्क्योच्या 2010 च्या आसपासच्या मॉडेलांत आवाज अचानक जाण्याचे दुखणे इतके पसरले की कंपनीला वॉरंटी 2018 अखेरपर्यंत वाढवावी लागली. पुढे मे 2022 मध्ये त्या जपानी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. ब्रँड दुसऱ्यांच्या हाती सुरू आहे, पण तेव्हाची ती यंत्रे घेणे मी टाळीन.

बिल असेल तर आणखी एक आधार मिळतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला, आणि त्यानुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. माल सुरतेला घेतला किंवा ऑनलाइन मागवला तरी नंदुरबारलाच दाद मागता येते. ओळखीच्या माणसाकडून हातोहात घेतलेल्या जुन्या यंत्राला हे संरक्षण नाही.

माझा कौल असा. पाच-सहा वर्षांच्या आतला, भारतात विकला गेलेला, 230 व्होल्टचा रिसीव्हर तुम्ही स्वतः जाऊन पाऊण तास ऐकला असेल, माइक आणि रिमोट सोबत असतील आणि भाव आजच्या तशाच नव्या मॉडेलच्या निम्म्याहून कमी असेल, तर जुनाच घ्या. वाचलेले पैसे पुढच्या दोन स्पीकरांत घाला, कारण फरक तिथे ऐकू येतो. बजेट अगदी कमी असेल तर दहा-बारा वर्षांपूर्वीचा दणकट अ‍ॅम्प्लिफायरवाला घेऊन टीव्हीकडून ऑप्टिकलने आवाज द्या. पण गेमिंग हवे असेल, सातपुड्याच्या आतल्या गावी राहत असाल, किंवा यंत्र न ऐकता कुरिअरने मागवावे लागणार असेल, तर साधा का होईना, नवा आणि बिलाचाच घ्या. आणि दोन्हींपैकी काहीही घेतले तरी उन्हाळा सुरू व्हायच्या आत शोकेसच्या त्या कप्प्याची काच आणि मागची फळी काढून टाका, वर निदान वीतभर मोकळी जागा सोडा.